‘लामार्क जिंकला’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. बारावीला माझ्याकडे जीवशास्त्र शिकलेली, आता पुण्यात नोकरी करते, गरोदर आहे, सहावा महिना चालू आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, “मॅडम, एक विचारू? पहिले तीन महिने ऑफिसचं फार टेन्शन होतं. रोज घरी येऊन रडायचे. ते बाळाच्या डीएनएमध्ये गेलं असेल का?” कुणी सांगितलं असं, म्हणून विचारलं, तर तिने सासरच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवला.

तो मेसेज मी आधी तीन वेळा पाहिला होता आणि तिन्ही वेळा सोडून दिला होता. या वेळी सोडवेना.

मेसेज लांबलचक आहे, त्याचं सार सांगते. लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोध लावला की आईवडिलांनी आयुष्यात कमावलेले गुण मुलांत उतरतात. डार्विनने त्याला विरोध केला. पुढे वाइसमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या कापून लामार्कला खोटं पाडलं. कामेरर नावाच्या शास्त्रज्ञाने बेडकांवर प्रयोग करून लामार्कचं म्हणणं सिद्ध केलं, तर त्याचा बळी घेतला गेला. आता एपिजेनेटिक्स या नव्या विज्ञानाने सगळं उलटं केलंय. लामार्क जिंकला, डार्विन हरला. आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम रक्तात उतरतं, गर्भवतीचा प्रत्येक विचार बाळाच्या जनुकांत कोरला जातो.

यात काही ठिकाणी खऱ्याचा अंश आहे, आणि तोच जास्त घोटाळा करतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा: हा लामार्कचा शोध

नाही. कमावलेले गुण पुढच्या पिढीत जातात ही समजूत लामार्कच्या आधी दोन हजार वर्षं लोकांच्या मनात होती. हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक लेखनात एका लांबट डोक्याच्या जमातीचं वर्णन आहे: आधी बाळांची डोकी बांधून लांबट करत, आणि काही पिढ्यांनी मुलं तशीच जन्माला येऊ लागली, असं त्यात म्हटलंय. आपल्याकडे ‘खाण तशी माती’ म्हणतात त्यातही ही समजूत थोडीफार मिसळलेली असतेच. लामार्कच्या काळात तिच्यावर फारसं कुणी शंका घेत नव्हतं, त्यामुळे ती सिद्ध करायची गरज त्यालाही वाटली नाही. सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट त्याने उचलली आणि एका वेगळ्याच, कुणाला मान्य नसलेल्या गोष्टीसाठी वापरली.

ती गोष्ट म्हणजे जाती बदलतात. त्याचं खरं धाडस इथे आहे आणि मेसेजमध्ये त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

लामार्क १७४४ साली उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीत जन्मला. तरुणपणी सैन्यात होता, मग वनस्पतिशास्त्रात नाव कमावलं. १७९३ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या राजउद्यानाचं निसर्गेतिहास संग्रहालय झालं तेव्हा त्याला प्राध्यापकी मिळाली ती कीटक आणि कृमी या विषयाची. वय जवळजवळ एकोणपन्नास. फुलापानांत आयुष्य गेलेल्या माणसाच्या पदरात कुणालाच नको असलेला विषय पडला होता. त्याने त्या गोगलगाई, शिंपले, कृमी, कोळी यांची नव्याने मांडणी केली. पाठीचा कणा नसलेले प्राणी ही कल्पना आणि तिला दिलेलं नाव त्याचंच. पॅरिसच्या आसपास सापडणारे शिंपल्यांचे जीवाश्म आणि आजचे शिंपले शेजारीशेजारी ठेवून पाहता पाहता त्याचं मत बनलं की जाती कायमच्या नसतात, त्या हळूहळू बदलत आल्यात. १८०० सालच्या व्याख्यानात त्याने हे पहिल्यांदा उघड मांडलं आणि १८०९ च्या ग्रंथात सविस्तर लिहिलं. डार्विनचा जन्मही १८०९ चाच.

त्याच संग्रहालयात कुविए होता, त्या काळातला सगळ्यात वजनदार प्राणिशास्त्रज्ञ. नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेलेल्या अभ्यासकांनी तिथल्या थडग्यांतून प्राण्यांच्या ममी आणल्या होत्या, त्यांत पवित्र मानलेले आयबिस पक्षी होते. कुविएने हाडं मोजली आणि म्हणाला, बघा, हजारो वर्षांत काडीचाही फरक नाही, मग जाती बदलतात कुठे? लामार्कचं उत्तर मी दरवर्षी वर्गात सांगते. तो म्हणाला, फरक दिसला असता तरच नवल होतं. इजिप्तचं हवामान तेव्हा होतं तेच आज आहे, मग पक्ष्याने बदलावं कशासाठी? आणि निसर्गाच्या हिशेबात दोन-तीन हजार वर्षं म्हणजे काहीच नव्हे. पृथ्वीचं वय फार थोडं मानणारे कितीतरी विद्वान हयात असताना हा माणूस असं बोलत होता.

जिराफाचं म्हणाल, तर त्या जाड ग्रंथात जिराफ एका परिच्छेदापुरता येतो. आफ्रिकेच्या अंतर्भागात, कोरड्या, गवत नसलेल्या जमिनीवर राहणारा हा प्राणी झाडाचा पाला खातो, तिथवर पोचायची सतत धडपड करतो, आणि ही सवय साऱ्या जातीत दीर्घकाळ टिकल्यामुळे त्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा लांब झाले, मान लांबली, इतकंच. ‘जिराफाला वाटलं मान लांब व्हावी, म्हणून झाली’ असं तो कुठेच म्हणत नाही. त्याचा शब्द ‘गरज’ असा आहे. त्या गरजेची ‘इच्छा’ झाली ती पुढच्या लोकांच्या लेखणीत, आणि त्यात मोठा वाटा कुविएचा. लामार्कच्या निधनानंतर फ्रेंच विज्ञान अकादमीसाठी लिहिलेल्या श्रद्धांजलीत कुविएने त्याची जवळजवळ टिंगलच केली. शेवटची सुमारे दहा वर्षं लामार्क आंधळा होता, मुली त्याचं लिखाण उतरवून घ्यायच्या. १८२९ मध्ये गेला तेव्हा त्याला भाडोत्री मुदतीच्या कबरीत पुरलं, त्याच्या अस्थी आज कुठे आहेत ते कुणाला ठाऊक नाही.

त्याची सगळीच मांडणी बरोबर होती असंही नाही. प्रत्येक जीवात अधिकाधिक गुंतागुंतीचं होत जाण्याची एक अंगभूत ओढ असते, असं तो मानायचा. साधे जीव निर्जीवातून सतत नव्याने जन्मत राहतात असंही मानायचा. ‘लामार्क जिंकला’ म्हणणाऱ्यांनी हेही जिंकलं का, ते सांगावं.

दुसरा मुद्दा: डार्विनने विरोध केला

यावर वर्गात पोरं दरवर्षी चकित होतात. कमावलेले गुण वारशाने जातात हे डार्विनही मानत होता.

१८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्याने बदकांची हाडं तोलल्याचं लिहिलंय. जंगली बदक आणि पाळीव बदक यांच्या सांगाड्यांची तुलना केली, तर एकूण सांगाड्याच्या मानाने पाळीव बदकाच्या पंखांची हाडं हलकी आणि पायांची जड भरली. कारण त्याने दिलं: पाळीव बदक उडतं कमी, चालतं जास्त. वापर आणि वापराचा अभाव, हाच तो लामार्कच्या नावाने ओळखला जाणारा विचार. पुढे १८६८ मध्ये डार्विनने त्यासाठी एक यंत्रणाही सुचवली. शरीराचा प्रत्येक अवयव सूक्ष्म कण सोडतो, ते जननेंद्रियांत गोळा होतात आणि तिथून पुढच्या पिढीत जातात, अशी. त्याचाच आतेभाऊ गॉल्टन याने ती तपासायला एका रंगाच्या सशांचं रक्त दुसऱ्या रंगाच्या सशांना चढवलं आणि त्यांची पिल्लं पाहिली. पिल्लांच्या रंगात काही फरक पडला नाही. ते १८७१ साल. डार्विनने लगेच लिहिलं की ते कण रक्तातूनच वाहतात असं मी म्हटलंच नव्हतं.

म्हणजे दोघांत भेद नव्हताच का? होता, आणि मोठा होता. बदलामागचं मुख्य कारण काय, यावर तो होता. डार्विनचं उत्तर नैसर्गिक निवड. मुळात एकाच जातीतले जीव थोडेथोडे वेगळे जन्मतात, परिस्थितीला जे जुळतात ते जास्त संख्येने टिकतात, त्यांची पिल्लं वाढतात. आणि हे लामार्कच्या मांडणीने सुटत नाही हे दाखवायला डार्विनने मुंग्या घेतल्या. कामकरी मुंग्या वांझ असतात. त्यांची शरीरं राणीहून वेगळी, काही जातींत सैनिक मुंग्यांचे जबडे केवढे मोठे. या मुंग्यांनी कितीही कष्ट केले, कितीही सवयी लावून घेतल्या, तरी त्या पुढे देणार कुणाला? त्यांना पिल्लंच होत नाहीत. हे उदाहरण लामार्कच्या मताविरुद्ध आजवर कुणी कसं पुढे केलं नाही याचं आश्चर्य वाटतं, असं डार्विनने तिथेच नोंदवलंय.

‘ताणून ताणून लांबलेली मान’ विरुद्ध ‘निवडीने लांबलेली मान’ ही जी जोडचित्रं फळ्यावर काढतात, ती जुगलबंदी मुळात वॉलेसची, म्हणजे नैसर्गिक निवडीची कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या डार्विनच्या समकालीन शास्त्रज्ञाची. १८५८ च्या निबंधात त्याने जिराफ घेऊन लामार्कला उत्तर दिलं. डार्विनच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत जिराफ येतो तो मुख्यतः शेपटीने माश्या हाकलण्यासाठी. मानेची सविस्तर चर्चा १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत आहे. मीसुद्धा पंधरा वर्षं ती दोन चित्रं ‘लामार्क’ आणि ‘डार्विन’ अशी नावं घालून काढत आले. मुलांना सोपं जातं म्हणून. आता काढत नाही.

तिसरा मुद्दा: शेपट्या कापून खोटं पाडलं

आउगुस्ट वाइसमानने पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या, ९०१ पिल्लं जन्माला आली, आणि एकही बिनशेपटीचं नव्हतं. मेसेज म्हणतो, हा प्रयोग लामार्कवर अन्याय करणारा होता, कारण शेपूट कापणं म्हणजे काही उंदराने स्वतः कमावलेला गुण नव्हे.

हे मात्र खरं आहे. लामार्क सवयीबद्दल बोलत होता, जखमेबद्दल नाही. शिवाय त्याच्या नियमात एक अट होती: बदल दोन्ही लिंगांत झालेला असला, किंवा निदान ज्यांच्यापासून नवे जीव जन्मतात त्यांच्यात, तरच तो पुढे टिकतो. पण वाइसमानलाही हे पक्कं ठाऊक होतं. त्या काळी जखमासुद्धा वारशाने जातात असं सांगणारे लोक होते, अपघातात शेपूट गेलेल्या मांजरीची बिनशेपटीची पिल्लं पुरावा म्हणून पुढे केली जात. त्यांच्यासाठी तो प्रयोग होता. आपल्याला त्यासाठी जर्मनीला जायची गरज नाही. बारशाच्या सुमाराला सोनाराकडून बाळाचे कान टोचायची रीत आपल्याकडे किती पिढ्यांपासून आहे, आणि आजही प्रत्येक बाळाच्या कानाची पाळी अखंडच असते.

वाइसमानचं खरं म्हणणं मेसेजमध्ये आलेलंच नाही. १८८३ पासून तो सांगत होता की शरीराच्या पेशी वेगळ्या आणि पुढची पिढी घडवणाऱ्या जननपेशी वेगळ्या. जननपेशींची वाट पुष्कळ प्राण्यांत फार लवकर वेगळी होते. लोहाराचा दंड बळकट झाला ही बातमी बीजापर्यंत पोचावी कशी? आणि पोचली तरी तिथे ती ‘दंड बळकट कर’ या अर्थाने वाचली जावी कशी? त्याने तारेची उपमा दिली: एका भाषेत पाठवलेली तार चीनमध्ये आपोआप चिनी होऊन पोचावी, तसं हे व्हायला हवं.

याचा सुंदर पडताळा १९०९ मध्ये कॅसल आणि फिलिप्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिला. पांढऱ्या गिनिपिग मादीचे अंडाशय काढून तिथे काळ्या मादीचे अंडाशय बसवले आणि तिचा संयोग पांढऱ्याच नराशी केला. पिल्लं काळी झाली. ते बीज त्या पांढऱ्या शरीरात राहिलं, तिच्याच रक्तावर पोसलं, पण त्याने रंग पांढऱ्या मादीचा घेतला नाही.

चौथा मुद्दा: कामेररचा बळी

पॉल कामेरर व्हिएन्नात काम करायचा. ज्या बेडकाचे नर अंड्यांची माळ आपल्या पायांना गुंडाळून वागवतात, त्या जातीवर त्याचे प्रयोग होते. हे बेडूक जमिनीवर मिलन करतात. त्याने उष्णता वाढवून त्यांना पाण्यात मिलन करायला लावलं आणि म्हटलं की काही पिढ्यांनी नरांच्या हातांवर पाण्यातल्या बेडकांना असतात तसे काळसर खरबरीत डाग आले आणि ते वारशाने गेले. ब्रिटिश आनुवंशशास्त्रज्ञ बेटसन वर्षानुवर्षं तो नमुना पाहायला मागत होता. १९२६ मध्ये नोबल या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने उरलासुरला नमुना तपासला तेव्हा काळा रंग शाई टोचून आणलेला निघाला. शाई कुणी टोचली हे आजही कळलेलं नाही. कामेररने आपण केलं नाही असं सांगितलं आणि त्याच सप्टेंबरात जीव दिला. ती माणसाची शोकांतिका आहे, तिच्याबद्दल हळहळच वाटते. पण त्यातून त्याचा दावा सिद्ध होत नाही.

पाचवा मुद्दा: एपिजेनेटिक्समुळे लामार्क जिंकला

सगळा मेसेज या एका खुंटीवर टांगलेला आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एपिजेनेटिक्स म्हणजे काय? पोथीची कल्पना करा. पोथीतली अक्षरं म्हणजे डीएनएचा क्रम. काही पानांना चिकटपट्टी लावून ती बंद केली, काहींवर खूण घालून ती उघडी ठेवली, तर पोथी तीच राहते पण वाचली वेगळी जाते. पेशीत या खुणा म्हणजे डीएनएला चिकटणारे मिथिल गट आणि आणखी काही रासायनिक बदल. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यात पोथी एकच असते, खुणा वेगळ्या. आहार, आजार, वय यांनी या खुणा बदलतात, हे पक्कं सिद्ध झालंय. यात वाद नाही.

प्रश्न आहे तो या खुणा पुढच्या पिढीत जातात का, हा. सस्तन प्राण्यांत त्या दोनदा जवळजवळ पुसल्या जातात: एकदा जननपेशी घडताना आणि एकदा गर्भधारणेनंतर लगेच. काही थोड्या वाचतात. पण ‘आयुष्यभर जे जे केलं ते सगळं उतरतं’ हा दावा या दोन पुसण्यांतून पार होत नाही.

मेसेजमध्ये हॉलंडच्या दुष्काळाचा दाखला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नाकेबंदी केल्यावर पश्चिम हॉलंडमध्ये माणशी रोजचं रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं, वीस हजारांहून अधिक माणसं मेली. त्या काळात गर्भात असलेल्यांचा अभ्यास झाला. गर्भधारणेच्या सुमाराला उपासमार सोसलेल्या साठ जणांची तुलना त्यांच्याच भावंडांशी केली, तेव्हा सहा दशकांनंतरही वाढीशी संबंधित एका जनुकावर मिथिल गट कमी सापडले. २००८ चं हे संशोधन, आणि मोलाचं. पण नीट पाहा: उपासमार झाली तेव्हा ही माणसं आईच्या पोटात होती. भूक त्यांनी स्वतः भोगली. आईने कमावलेलं त्यांना वारशाने मिळालं असं त्यात कुठे आहे?

नातवंडांबद्दलही जपून बोलावं लागतं. मुलगी आईच्या पोटात असतानाच, गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमाराला, तिच्या अंडाशयात लाखो बीजं तयार झालेली असतात. म्हणजे तुमची आजी गर्भवती होती तेव्हा तुमची आई तिच्या पोटात होती आणि तुमचं बीजही तिथेच होतं. आजीची उपासमार तिन्ही पिढ्यांना एकदमच लागली. म्हणून आईकडून येणारा परिणाम खरोखर वारशाचा आहे असं म्हणायला तो पणतवंडांत दाखवावा लागतो. माणसांत तसा खणखणीत पुरावा आजवर मिळालेला नाही.

उंदरांवरचा एक प्रयोगही मेसेजमध्ये येतो. नर उंदरांना एक विशिष्ट वास आला की पायाला विजेचा झटका दिला. मग त्या वासाला त्यांची पिल्लं आणि त्यांचीही पिल्लं जास्त बुजतात असं दिसलं. २०१३ च्या अखेरीस ते प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. त्यातल्या आकडेमोडीवर लगेच आक्षेपही घेतले गेले, आणि नाकातली गोष्ट शुक्रपेशीपर्यंत कशी पोचली याचं उत्तर त्या प्रयोगात नव्हतं. एक प्रयोग म्हणजे झालेला निकाल नव्हे.

वनस्पतींत आणि सूक्ष्म कृमींत मात्र अशा खुणा पिढ्यांपलीकडे जातात, हे मान्य करायलाच हवं. उघड्या तोंडासारख्या दिसणाऱ्या एका युरोपीय रानफुलाचा वेगळ्या आकाराचा प्रकार वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने अठराव्या शतकात नोंदवला होता. १९९९ मध्ये कळलं की त्यात डीएनएचा क्रम बदललेला नाही, एका जनुकावर मिथिल गट चढलेत आणि ते पुढच्या पिढ्यांत जातात. पण त्या रोपाने गरज म्हणून काही केलं आणि त्यातून हे फूल आलं, असं नाही. लामार्कच्या सिद्धांताचा प्राण हा होता की गरजेतून येणारा बदल जीवाच्या उपयोगाचा असतो, आणि तो उपयोगी बदल पुढे जातो. खूण पुढे जाणं वेगळं, आणि कामाचा गुण कमावून पुढे देणं वेगळं.

खरं सांगायचं तर लामार्कच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मेसेजवाल्यांना सापडलेलीच नाही. काही जिवाणू विषाणूचा हल्ला परतवताना विषाणूच्या डीएनएचा तुकडा कापून स्वतःच्या डीएनएत ठेवतात. पुढे तोच विषाणू आला की तो तुकडा ओळखून त्याला कापतात, आणि ही ओळख त्यांच्या संततीला वारशाने मिळते. योगर्ट आणि चीजच्या विरजणात वापरल्या जाणाऱ्या जिवाणूवर २००७ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. इथे खरोखर कमावलेला, उपयोगी गुण पुढे जातो. पण जिवाणूला शरीर आणि बीज असा भेदच नाही, एकच पेशी. आणि या यंत्रणा घडल्या त्या नैसर्गिक निवडीने. मग कोण जिंकलं आणि कोण हरलं?

सहावा मुद्दा: पिढ्यान्‌पिढ्यांचं काम रक्तात उतरतं

आमच्या आठवडी बाजाराच्या कडेला दर हंगामात एक लोहाराचं कुटुंब पाल टाकून बसतं. विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून, म्हणजे धार काढून, देतात. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून ऐरणीवर फिरवत असतो आणि घण मारते त्याची बायको. दोन्ही पाय रोवून, घण डोक्यावरून मागे नेऊन, एका लयीत. तिचे दंड पाहावेत. तिची सासूही घण मारायची, असं तिनेच सांगितलं. म्हणजे लामार्कची ती अट, बदल दोन्ही लिंगांत असावा, इथे तंतोतंत पुरी झालेली. पिढ्याही पुष्कळ झाल्या. आणि भात्यापाशी बसलेला तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा? हाताच्या काड्या. माझ्या सहावीतल्या पुतण्याचे हात त्याच्यापेक्षा भरलेले आहेत, कारण तो दोन वेळा पोटभर जेवतो.

पण लोखंड किती लाल झालं की काढायचं, हे तो मुलगा लांबून बघून सांगतो. ते त्याला रक्तातून मिळालेलं नाही. तो चालायला लागल्यापासून तिथेच बसतोय, म्हणून येतं. उद्या त्याला शाळेत बसवलं तर गणितही येईल. ‘काम रक्तात उतरतं’ हे वाक्य ऐकायला कौतुकाचं वाटतं, पण त्याचा पुढचा अर्थ असा निघतो की या पोराने ऐरणीपाशीच बसावं. हजार वर्षं आपल्याकडे हेच सांगितलं गेलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचं उत्तर १९३६ मध्येच देऊन ठेवलंय. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळाने रद्द केलेल्या त्या भाषणात ते म्हणतात की जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. आणि आनुवंशिकतेच्या नावाने जातीचं समर्थन करणाऱ्यांना उत्तर देताना ते बेटसनचा आधार घेतात, कामेररकडे नमुना मागणारा तोच बेटसन. वरच्या प्रतीच्या बौद्धिक गुणांचा वारसा कुठल्याही एका सरळ नियमाने चालताना दिसत नाही, असं बेटसनचं म्हणणं. ज्यांना ‘विज्ञानाने सिद्ध झालंय’ म्हणून हा मेसेज पुढे ढकलावासा वाटतो, त्यांनी हे भाषण आधी वाचावं ही माझी कळकळीची विनंती आहे.

शेवटचा मुद्दा: गर्भवतीचा प्रत्येक विचार जनुकांत कोरला जातो

आईच्या पोटातले नऊ महिने बाळाच्या पुढच्या आयुष्यावर परिणाम करतात, हे खरं आहे, आणि याबद्दलचं जगातलं फार महत्त्वाचं काम पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास जन्मली, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्यांची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, कमी होते ते स्नायू. बारीक दिसणारी पण चरबी राखलेली ही बाळं पुढे मधुमेहाच्या वाटेवर लवकर येऊ शकतात. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आईमधलं कमी बी-१२ आणि त्याच वेळी जास्त फोलेट (फॉलिक अॅसिडच्या गोळ्यांतून मिळणारं जीवनसत्त्व), यांचा संबंध मुलांच्या सहाव्या वर्षी दिसणाऱ्या इन्सुलिनच्या गडबडीशी लागला. (म्हणून कुणी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, त्या बाळाच्या मज्जासंस्थेसाठी लागतात. बी-१२ तपासून घ्यावं, एवढाच याचा अर्थ.)

यात गावातल्या बायकांचे विचार कुणी मोजले नाहीत. मोजलं ते त्यांचं वजन, उंची, रक्त, ताटातलं अन्न, दिवसभराचे कष्ट. पाणी कुणी भरलं, शेतात किती तास वाकून काढले, शेवटी जेवायला कोण बसलं. बाळाच्या तब्येतीचा जाब विचारायचा तर तो तिच्या मनाला विचारून भागणार नाही, तिच्या ताटाला आणि ते ताट वाढणाऱ्या घराला विचारावा लागेल.

याज्ञिक सहभागी असलेल्या आणखी एका कामात उंदरांना पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलं, मग दोन पिढ्या पोटभर दिलं. २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोन पिढ्यांच्या पोटभर अन्नाने त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही, लठ्ठपणा आणि मधुमेहाकडे झुकणं तसंच राहिलं. याला कुणी लामार्कचा विजय म्हणेल. मला त्यात उपासमारीचा लांबत गेलेला घाव दिसतो.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं नाही. रात्रीचे अकरा वाजले होते. एवढंच सांगितलं की अगं, ऑफिसच्या टेन्शनने बाळाच्या डीएनएतली अक्षरं बदलत नाहीत. तू रडलीस म्हणून बाळात काही कोरलं गेलं असं दाखवणारा पक्का पुरावा कुणाकडे नाही. झोप लागत नसेल, मन सारखं खाली जात असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांग, ते तुझ्यासाठी. बी-१२ केलंस का? नव्हतं केलं. मग तिने विचारलं, “सासूबाईंना काय सांगू? त्या वाईट नाहीत हो मॅडम, काळजीनेच पाठवतात.”

म्हटलं, ते मी लिहून पाठवते. आणि वाचून काही विचारावंसं वाटलं, तर त्यांना माझा नंबर दे.